फळीवरचा गूळ

तेजश्रीने गूळ मागितला आणि त्या बाईने तो फळीवर ठेवला.

घडलं ते एवढंच. पुढे केलेल्या हातापासून वीतभर अंतरावर, दुकानाच्या फळीवर, बाईने गुळाचा खडा ठेवला, हात मागे घेऊन पदराला पुसला आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. पडद्यावरचं दुकान, पडद्यावरची बाई आणि पडद्यावरचाच तो हात. तरीही बारामतीत भिगवण रस्त्यालगतच्या आपल्या खोलीत, टेबलावर आलेल्या सकाळच्या उन्हात, तेजश्रीने माउसवरचा हात असा मागे ओढला की जणू तो कुणी झिडकारला होता. खाली एमआयडीसीकडे निघालेल्या मोटारसायकलींचा आवाज चालू होता. शेजारचा चहा निवत चालला होता. ती पडद्याकडे बघत राहिली. ही बाई तिचीच होती. पुण्यातल्या एका कंपनीचा मोठा खेळ, नदीकाठच्या जुन्या बाजारगावात कुठंही फिरा, कुणाशीही बोला असा; आणि त्या गावातली जी माणसं खेळणाऱ्याच्या हातात नसतात, संगणक चालवतो, त्यांनी कसं वागायचं, कुणाला भ्यायचं, काय लक्षात ठेवायचं, हे गेली काही वर्षं तेजश्रीच लिहीत होती. गूळवालीला तिने तोंडाळ केलं होतं, थोडी चेंगट केलं होतं, दुपारी पेंगायला लावलं होतं. गूळ फळीवर ठेवायला मात्र तिने तिला कधीच शिकवलं नव्हतं.

तिने खेळ पुन्हा सुरू केला. या वेळी सुरुवातीला खेळणाऱ्याचं कूळ वेगळं निवडलं, वाड्यावरच्यांचं. तीच बाई, तीच फळी. बाई हसली, गूळ हातात दिला, वर दुसऱ्या हाताने त्याची बोटं मिटवली. तेजश्रीने उठून खिडकी लावली, परत उघडली, आणि मग अविराजला फोन केला. अविराज पडद्यावरच्या माणसांच्या हालचाली करायचा. पुण्यात बसायचा, तिच्याहून लहान, हाताने फार गुणी.

"बघितलंत ताई?" त्याच्या आवाजात हौस होती. "कसं वाटलं?"

"हे कुणी सांगितलं?"

"इंद्रजितसरांनी. खेळणारा कूळ निवडतो ना, त्यावर आता माणसं वागणार. खालचं कूळ असेल तर फळीवर, वरचं असेल तर हातात. जुना काळ आहे ना आपला. ज्यांना खेळायला दिलं ते एकदम खूश झाले. म्हणाले, आता कुठं ही माणसं खरंच आपल्याकडे बघून वागतात असं वाटतं."

"पदराला हात पुसणं तू घातलंस?"

"हो. लहानपणी एका म्हाताऱ्या बाईंना बघितलं होतं तसं करताना. जमलंय ना?"

"जमलंय," ती म्हणाली. खरंच जमलं होतं. म्हणून तर हात मागे आला होता.

फोन ठेवल्यावर तिला राग आला तो अविराजचा नव्हे. खेळून बघणाऱ्यांच्या त्या वाक्याचा आला. आता कुठं बघून वागतात. इतकी वर्षं सगळ्या खेळणाऱ्यांची एकच तक्रार, की या माणसांना आपण दिसतच नाही. समोर उभं राहिलं तरी ती आपल्या ठरल्या वाटेने जातात, ठरलं वाक्य बोलतात, धक्का लागला की ठरलं ओरडतात. त्या तक्रारीशी ती एकटी भांडत आली होती. तिचा नावाडी होता, ज्याच्या होडीत तुम्ही न बोलता बसलात तर पैलतीर येता येता तो गुणगुणायला लागायचा. तिचा एक आंधळा दोरवाला होता, जो तुमच्या पावलांवरून तुम्हाला ओळखायचा आणि तुम्ही लंगडत आलात तर बसायला पोतं पुढं सरकवायचा. ही माणसं तिने टीव्ही बघून केलेली नव्हती. इंदापूरच्या आठवडी बाजारात, भिगवणच्या मासळीच्या लिलावात, एसटी स्टँडवर तासन्‌तास उभं राहून केली होती. तिला त्यांचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. पण लोकांना खरं वाटलं ते काय, तर फळी.

आणि मग तिला आप्पांचा हात आठवला. इंदापूरच्या पेठेतलं किराणा दुकान, ती फ्रॉकमध्ये, आणि वडील काउंटरपुढे तळहात उघडा धरून उभे. दुकानदाराने पुडा काउंटरवर ठेवला की बाकीची माणसं उचलून चालायला लागत. आप्पा उचलत नसत. हात तसाच धरून, चेहऱ्यावर काहीही न आणता, थांबत. दुकानदार क्षणभर गोंधळे, मग पुडा उचलून त्यांच्या हातात देई. औषधाच्या दुकानात, तिकिटाच्या खिडकीशी, पुढे तिच्या कॉलेजच्या कचेरीतसुद्धा. रामभाऊ चंदनशिवे, वीज मंडळातले इंजिनियर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि समोर उघडा हात. मागे रांग लागायची. कॉलेजच्या त्या दिवशी तर ती रांगेतून बाहेर जाऊन पाठमोरी उभी राहिली होती. आईला, तुळसाबाईंना, तिने विचारलं होतं, आप्पा असं का करतात. आई म्हणाली होती, "लहानपणी त्यांना फळीवर ठिवून द्यायचे. पुढचं त्यांनाच इचार." तिने विचारलं नव्हतं. उत्तर माहीत आहे असं तिला वाटलं होतं. फळीचा अर्थ त्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. तो आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला त्याच्याही आधीपासून माहीत होता. म्हणून तर त्याबद्दल कुणी बोलत नसे.

इंद्रजित त्या दिवशी दुपारीच व्हिडिओवर भेटला. कंपनी त्याची होती. हुशार, घाईतला, आणि वाईट मुळीच नसलेला माणूस. तेजश्रीने ठरवलं होतं की घरचं काही सांगायचं नाही. कारागिरीचं बोलायचं.

"ही फळी काढायला हवी," ती म्हणाली. "ती बाई खेळणाऱ्याकडे बघतच नाही. त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचते. त्या कुळाची हजार माणसं आली तरी ती हजारांशी तेच करणार. याला वागणं कसं म्हणायचं? ती भिंत झाली."

"पण लोकांना ते लागलं, तेजश्री. तुझ्या नावाड्यापेक्षा जास्त लागलं."

"लागणारच."

"मग?" तो पुढे वाकला. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. अमुक झालं तर तमुक कर. फळी म्हणजे तेच आणि तुझा नावाडीही तेच. तुझ्यात अमुक जास्त आहेत, एवढाच फरक. बघत तर कुणीच नाही. मग एकीला भिंत म्हणायचं आणि दुसऱ्याला माणूस, हे कुठल्या हिशोबाने?"

तेजश्रीने कागदावर 'नावाडी' लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. इंद्रजितने खिजवण्यासाठी विचारलं नव्हतं, हे अधिक त्रासाचं होतं. बारामतीतच लोकांना खेळायला द्यायचं ठरलंय, तोवर याहून चांगलं काही आण, नाहीतर फळी राहील, असं म्हणून तो गेला. काळ्या पडद्यावर तिला स्वतःचा चेहरा दिसला. नंतरचे काही दिवस 'बघत तर कुणीच नाही' हे वाक्य तिच्याबरोबर फिरलं. दूधवाला "काय ताई, आज लवकर?" म्हणाला, रोजच म्हणायचा. लिफ्टमध्ये शेजारीण हसली, रोजच्यासारखी. सिग्नलला गाड्या थांबल्या, सुटल्या. अमुक झालं तर तमुक. ती स्वतः आरशासमोर टिकली लावत होती, टेबलाशी बसत होती, फोन वाजला की "हां बोला" म्हणत होती. आपल्याकडे शेवटचं कुणी बघितलं कधी, असा एक प्रश्न भाजी चिरताना मनात येऊन गेला आणि सुरी थांबली. नावाड्याला ती मनोमन जिवंत धरून होती की काय? बाई, तू कोड लिहितेस, जीव घालत नाहीस, असं तिने स्वतःला बजावलं. पण अभिमान असा बजावून उतरत नाही.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन इंदापूरला गेली. दुतर्फा ऊस, मधे डाळिंबाचे मळे, आणि डोक्यात तीच बाई पदराला हात पुसतेय. आप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. जेवणं झाली. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि बाण कसे दाबायचे ते दाखवलं. कूळ खालचं निवडलं होतं, ते सांगितलं नाही. आप्पांनी चष्मा पुसला आणि गावात चालायला लागले. हळू, घराघरांकडे बघत. नदीशी थांबले.

"आमचं गाव असंच हुतं," ते म्हणाले. "उजनीच्या पाण्यात गेलं. ही पायरी पण अशीच."

मग गुळाचं दुकान आलं. त्यांनी मागितला. बाईने फळीवर ठेवला, पदराला हात पुसला. आई दारातून बघत होती, ती उंबऱ्यातच खाली बसली. तेजश्रीला वाटलं आपण हे करायला नको होतं. आप्पा पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं नाही.

"उचलायला कुठलं बटण?"

"हे."

"मग त्ये न्हाय दाबायचं." ते खुर्चीत मागे टेकले. "हात पुढं ठेवता येतोय न्हवं? ठेव तसाच."

पडद्यावरचा हात तसाच राहिला. बाईने पुढच्या गिऱ्हाइकाला गूळ दिला. माशी हाकलली. पेंगली. जागी होऊन पुन्हा म्हणाली, काय पाहिजे? खडा फळीवर तसाच. आप्पा बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले, "हिला म्या दिसत न्हाय."

"आप्पा, ती यंत्र आहे. तिला कुणीच—"

"रावजीलाबी न्हवतो दिसत." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "दुकान त्याचं. गावात येकच. तसा गरीब माणूस, शिवी म्हून कधी न्हाय. आमचं कुनी आलं की त्याचा हात आपला आपुनच फळीकडं जायाचा, बोलत बोलत, दुसरीकडं बघत. येक दिवस माझ्या मनात काय आलं ठाव न्हाय. न्हाय उचलला. हात पुढं करून हुबा ऱ्हायलो."

"मग त्यानं मारलं?" आईने विचारलं. इतक्या वर्षांत तिनेही विचारलं नव्हतं.

"न्हाय. आधी म्हनला, ठेवलाय की फळीवर. म्या हाललो न्हाय. मग वरडला. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघाय लागला. ऊन चढलं. मान्सं जमली. कोन हसतंय, कोन म्हनतंय हाकला. माझा हात भरून आला, लई दुखाय लागला. पर त्याचीच पंचाईत झालती. हात पुढं ठेवला तर काय करायचं, त्ये त्याला कुनी शिकवलंच न्हवतं. कावराबावरा झाला. शेवटाला फळीवरनं वाकला आन्‌ माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हनला, 'नाव काय रं तुझं?'"

आप्पांनी मांडीवरचा चष्मा परत डोळ्यांवर लावला.

"रोज जायचो त्याच्या दुकानात. नाव त्या दिशी इचारलं."

"आणि गूळ दिला?"

"कुठला. दुकान बंद केलं आन्‌ जेवाय गेला. म्या दुसऱ्या दिशी परत गेलो. त्याच्या दुसऱ्या दिशीबी. कवातरी दिला आसंल हातात, त्ये मला येवढं याद न्हाय. नाव इचारल्यालं याद हाय."

कॉलेजच्या कचेरीतली रांग तेजश्रीच्या डोळ्यांपुढून गेली. पण लाज वाटायच्या जागी तिच्या छातीत दुसरंच काहीतरी ताठ होत होतं. इतकी वर्षं ती समजत होती की आप्पांचा तो हात म्हणजे जखम आहे. तो तर त्यांचा डाव होता. ते एकेका माणसाला त्याच्या ठरल्या वागण्यातून ओढून बाहेर काढत आले होते, काउंटरमागून काउंटर, आणि आवाजही न चढवता. इंद्रजितला द्यायचं उत्तर तिला तिथं ओसरीवर मिळालं, आणि ते तिला वाटलं होतं त्याच्या उलटं निघालं. रावजीसुद्धा अमुक झालं तर तमुकच करत होता. सगळेच करतात. माणूस तिथं सुरू होतो जिथं त्याच्याकडचं तमुक संपतं आणि समोरचा अजून उभाच असतो.

फळी तिने काढली नाही. ती राहू दिली, आणि तिच्यापुढे जागा केली. खेळणाऱ्याने खडा उचलला नाही, हात पुढे ठेवला, तर काय. एवढंच ती पुढचे आठवडे लिहीत राहिली, आणि इतकं अवघड काही तिने पूर्वी लिहिलं नव्हतं. बाई आधी ठरलेलं सगळं करून बघते. मग ते संपतं. मग तिला आजूबाजूची माणसं दिसायला लागतात, ऊन दिसायला लागतं, या खेळणाऱ्याने आधी गावात काय केलं ते आठवायला लागतं, आणि हे सगळं तिच्या आत एकमेकाला ओढतं. शेवटी काय होईल हे तेजश्रीलाही सांगता येत नसे. बाई कधी देते, कधी दुकान बंद करून जाते. नाव मात्र ती विचारतेच, आणि विचारलेलं विसरत नाही. अविराज दोन दिवस इंदापूरला येऊन राहिला आणि आप्पांच्या समोर बसून त्यांचा हात बघून गेला: भरून आलेला हात कसा थरथरतो, कोपर कसं हळूहळू खाली येतं. जाताना तो तेजश्रीला म्हणाला, "ताई, ते पदराला पुसणं... मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "राहू दे ते. तू नीट बघितलं होतंस."

इंद्रजितने ते खेळून बघितलं आणि म्हणाला, "हे फार हळू आहे. इतका वेळ कुणी उभं राहणार नाही." तेजश्री म्हणाली, "बघू."

बारामतीतल्या एका कॉलेजच्या सभागृहात लोकांना खेळ खेळायला दिला, सगळ्यांना खालचंच कूळ लावून. रविवारची सकाळ होती. मुलं आली, पोरी आल्या, एमआयडीसीतली माणसं मोटारसायकली लावून आत आली. आप्पा आणि आई इंदापूरहून एसटीने आले आणि मागच्या खुर्च्यांवर बसले. इंद्रजित आणि अविराज बाजूला उभे, इंद्रजित हाताची घडी घालून. बहुतेकांनी गूळ फळीवरून उचलला आणि पुढे गेले. कुणी पळत नदीवर गेलं, कुणी नावाड्याच्या होडीत बसलं. तेजश्री बघत होती. इंद्रजितचंच खरं होणार, असं वाटायला लागलं होतं.

मग दुधाच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी खुर्चीत बसली, कामावरून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र. प्रगती नाव. बाईने फळीवर खडा ठेवून पदराला हात पुसला तशी प्रगतीची भुवई वर गेली.

"अशी काय ही? हातात दे की," ती पडद्याला म्हणाली, आणि बटणावरचं बोट तिने काढून घेतलं. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं.

हात पुढे राहिला. बाई म्हणाली, ठेवलाय की. मग ओरडली. मग दुसरीकडे बघायला लागली. बाजारातली माणसं थांबली. इकडे सभागृहातही दोघं-तिघं मागे येऊन उभे राहिले, मग आणखी काही. पडद्यावरचं कोपर हळूहळू खाली येऊ लागलं. प्रगती सरसावून बसली, जणू आपलंच कोपर सावरत होती. बाई वाकली. तिने पहिल्यांदा सरळ समोर बघितलं. नाव काय तुझं? प्रगतीने नाव टाइप केलं. बाईने खडा फळीवरून उचलला, हातात धरला, जमलेल्या माणसांकडे बघितलं, आणि तो परत टोपलीत टाकून दुकान बंद केलं.

"आं?" प्रगती मागे वळली. "माझं काय चुकलं?"

"कायबी न्हाय," मागून आप्पा म्हणाले. ते कधी उठून आले ते तेजश्रीला कळलं नव्हतं.

"मग दिला का नाही?"

"इचारात पडली ती."

प्रगतीने त्यांच्याकडे बघितलं, मग बंद दुकानाकडे. "सकाळी उघडंल का?"

"उघडेल की," तेजश्री म्हणाली आणि खेळातला वेळ कसा पुढे न्यायचा ते तिला दाखवलं. प्रगतीने आपलं माणूस दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली नेऊन बसवलं. मागे रांग होती. रांगेतलं कुणी आवरा म्हणालं नाही. तेजश्रीच्या मनात आलं, की या गूळवालीला डोळे नाहीत, ती आता या मुलीला बघत नाही, कधी बघणारही नाही, हे खरं. पण ही मुलगी उभी राहील, हे कुणीतरी आधीच धरून चाललं होतं. तिच्यासाठी बसून विचार केला होता. तेवढं खोटं नव्हतं.

खेळात उजाडलं. बाई कमरेवर टोपली घेऊन आली. तिने फळी पुसली, आणि लिंबाखालून कुणी उठायच्या आतच तिकडे बघून म्हणाली, "आलीस का प्रगती?"

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रगतीचा हात तोंडाशी गेला होता. गूळ मिळायचा अजून बाकी होता, आणि मिळेल की नाही ते तेजश्रीलाही माहीत नव्हतं. इंद्रजितने हाताची घडी सोडली होती. आप्पा ताठ उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांचा चष्मा त्यांना पुसावा लागत होता.

तुळसाबाई गर्दीतून पुढे आल्या. पडद्यावरच्या बाईकडे त्यांनी निरखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही बाई तू केलीस?"

कंपनीतल्या माणसांसमोर तेजश्री घरच्या बोलीत बोलत नसे. आज तिने मागे वळून इंद्रजितकडे बघितलं, अविराजकडे बघितलं, आणि आईला म्हणाली, "व्हय. म्या केली."